अकरा खोल्या आणि एक कामटी

माथेरानात धंदा करणाऱ्याला ओझ्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. दस्तुरी नाक्याच्या वर मालाची मोटार नाही, म्हणून गव्हापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळं घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. वर येणाऱ्या खेपेचे पैसे मोजतो, कचरा खाली कोण नेणार हे कुणी विचारत नाही. 2003 साली गाव इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचं, जाहीर झालं, तेव्हा वडिलांनी आमच्या लॉजच्या काउंटरमागे पाटी लावली : कचरा कुंडीत टाका. झालं आमचं पर्यावरण.

पुढे एका दिवाळीत अकराही खोल्या फुल असताना भाऊबिजेच्या सकाळीच सेप्टिक टँकची लाइन तुंबली. घाण थेट अंगणात. आमचे मामा, म्हणजे वडिलांच्या वेळचे रूमबॉय, पंचा खोचून बांबूची लांबलचक कामटी घेऊन चेंबरवर बसले. सळईने पाइप फुटतो, कामटी वळणावर वाकते. ज्याने हे केलंय त्याला माहीत. टोकाला अडकून आल्या शॅम्पूच्या पुड्या आणि साबणाची वेष्टणं. मी पाहुण्यांच्या नावाने शिव्या द्यायला लागलो, तर मामा म्हणाले, "आपल्याच कामाच्या पोरांनी लोटल्यात, दादा. कुंडी लांब पडते ना."

दुपारपर्यंत सात खोल्या रिकाम्या. त्यातले पाच खोल्यांचे पाहुणे शेजारच्या लॉजवाल्याने घेतले, शिवाय घोडेवाल्यांना पढवून ठेवलं, 'तिकडे वास येतो.' दोन सीझन पुरला आम्हाला तो वास. याच गृहस्थाने नंतर दारावर 'इको फ्रेंडली' रंगवून घेतलं. त्याचं सांडपाणी कुठे जातं ते... असू दे.

राहिलेल्यांत दादरचं एक जोडपं होतं. संध्याकाळी काकूंनी विचारलं, "भंगाराचे पैसे कोण घेतं रे?" मीच घेत होतो. त्या दिवसापासून बाटली, पुठ्ठा, डबा, जे विकेल ते पोरांचं, वही मामांकडे. पाहुणा चेकआउट करायच्या आधीच पोरं पोतं घेऊन दारात! शॅम्पूच्या पुड्या गेल्या, भिंतीला भरायच्या बाटल्या आल्या. 2018 ची प्लास्टिकबंदी आली तेव्हा आमची धावपळ झाली नाही. मधली वर्षं बरी गेली.

नव्याने लॉज काढणाऱ्यांनो, पोरांना शिकवायला ट्रेनिंगवाल्याला पैसे देण्याआधी कुंडी खोलीपासून किती पावलांवर आहे ते मोजा. आणि चादर रोज खाली नेरळला धुवायला धाडू नका, पाहुण्याला विचारा.

कामटी जिन्याखाली असते. गेल्या दिवाळीत शेजारच्याचा माणूस ती मागायला आला. मामांनी दिली. मी दिली नसती.