बडोद्याहून किळिमानूरला: राजा रविवर्म्यांच्या घरी

बडोद्यात लहानाचे मोठे झालेल्या आम्हा मराठी माणसांना राजा रविवर्मा परके वाटत नाहीत. फतेसिंह संग्रहालयातील ‘नल-दमयंती’, ‘शंतनू आणि मत्स्यगंधा’, ‘कंसमाया’ ही चित्रे शाळेच्या सहलीपासून पाहत आल्यामुळे ती येथेच रंगवली गेली असावीत, असे आम्ही धरून चालतो. प्रत्यक्षात सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये उटीच्या मुक्कामी चौदा पौराणिक चित्रांचे काम त्यांच्याकडे सोपवले. धाकटे बंधू राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन त्यांनी उत्तर हिंदुस्थानात फिरून वेशभूषा न्याहाळली, आणि रंगकामासाठी ते केरळातील आपल्या किळिमानूर गावी परतले. ते घर पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती.

किळिमानूरचा राजवाडा हे वंशजांचे राहते घर आहे, त्यामुळे तिकीट काढून आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आधी पत्र पाठवले, मग तिरुवनंतपुरमच्या एका परिचितांकरवी फोनवर दिवस ठरवून घेतला. घरात पूजा किंवा कार्य असेल तेव्हा पाहुण्यांना आत घेणे अवघड जाते, म्हणून ही विचारणा आधी करणे मला फार आवश्यक वाटते. बडोद्याहून कोकण रेल्वेच्या मार्गाने तिरुवनंतपुरमला थेट गाडी मिळते आणि पुढे तंपानूर स्थानकावरून मेन सेंट्रल रोडने जाणारी सरकारी बस. बसच्या पाट्या मल्याळममध्ये असल्याने गावाचे नाव त्या लिपीत लिहून घेतलेला कागद फार उपयोगी पडला.

राजवाडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा उभा राहतो. येथे मात्र गर्द झाडीत उतरती कौलारू छपरे, लाकडी खांब आणि अंगण आहे. कोकणातल्या एखाद्या जुन्या वाड्यात आल्यासारखे वाटले. याच घराच्या भिंतींवर लहानग्या रविवर्म्यांनी कोळशाने चित्रे काढली आणि ती पाहून रागावण्याऐवजी मामांनी त्यांना शिकवायला घेतले, असे सांगतात. मामांचे नावही राजराजवर्माच, त्यामुळे वाचताना भाऊ आणि मामा यांच्यात गल्लत होऊ शकते.

रविवर्म्यांची चित्रशाळा त्याच आवारात आहे. चपला बाहेर काढून आत गेलो. आत प्रतिकृती आहेत, मूळ चित्रे नव्हेत. परंतु त्यामुळे कोणी हिरमुसू नये, कारण येथे जागा पाहायची असते. मी बराच वेळ दमयंतीच्या लुगड्याचा विचार करत उभा होतो. बाहेर वावरणाऱ्या बायका मुंडू, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचे साधे वस्त्र, नेसत असताना या माणसाने पुराणातल्या स्त्रियांना नऊवारी लुगडे नेसवले, त्याचा काठ आणि निऱ्या तैलरंगात इतक्या नेमक्या उतरवल्या की पुढे देशभर घरोघरी लागलेल्या तसबिरींतून तोच पेहराव देवींचा ठरला. बडोद्याच्या दालनात चित्रांची भव्यता आधी जाणवते. येथे उभे राहिल्यावर मला त्यामागचे धाडस प्रथमच नीट कळले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांचे निधनही किळिमानूरलाच झाले.

परतताना तिरुवनंतपुरममध्ये त्यांची मूळ चित्रे अवश्य पाहावीत. ती पूर्वी तेथील श्री चित्रा कलादालनात होती, २०२३ पासून त्याच आवारातील राजा रविवर्मा कलादालनात आहेत. हे कलादालन सोमवारी बंद असते, म्हणून घरातील मंडळींची सोय असल्यास किळिमानूरसाठी सोमवार मागून घ्यावा आणि कलादालन दुसऱ्या दिवशी करावे.