पाचव्या ओव्हरला काय होतं ते बघायला गेलो होतो

मागच्या महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या एका पीटी मास्तरांचा फोन आला. ओळख जुनी, तालुक्यातल्या शाळांच्या मॅचेसना मी अंपायर म्हणून जायचो तेव्हापासूनची. "ओ दादा, एक पोरगं बघायला या की, लै फास्ट टाकालंय, बॅट्समनला बॉल दिसंना झालाय." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर तीन व्हिडिओ. भात काढलेलं शिवार, टेनिस बॉल, माईकवर ओरडणारा कॉमेंट्रीवाला, आणि स्टंप उडाला की मैदानात घुसणारी दहा-बारा पोरं. पोरगं फास्ट होतं यात वादच नाही.

मी मास्तरांना म्हटलं, फास्ट आहे ते दिसलं, आता मला टेनिसवर बघायचंच नाही. दोन ओव्हर टाकून मोकळं व्हायचं असलं की सगळेच वाघ. शाळेच्या ग्राउंडवर मॅटिंग टाका, लेदर बॉल द्या, आणि सलग सहा ओव्हर टाकायला लावा, मी पाचव्या ओव्हरला काय होतं ते बघायला येतो. मास्तर जरा गप्पच झाले, त्यांना वाटलं असणार हा अमेरिकेला जाऊन आल्यापासून लै शाणा झालाय.

ते तसं खरंच आहे म्हणा.

२०२३ च्या जूनमध्ये मी आणि आमच्या सौ. मुलीकडं गेलो होतो, नॉर्थ कॅरोलायनात कॅरी म्हणून गाव आहे तिथं, एवढे भारतीय की देवळात सोलापूर-सांगलीची माणसं भेटतात. तीन आठवडे झाले, सगळे मॉल बघून झाले, मी कंटाळलो, तर जावई म्हणाले बाबा चला तुम्हाला बेसबॉल दाखवतो. मला वाटलं टीव्हीवर असतं तसलं मोठं स्टेडियम. तर पाऊण तास गाडी मारून झेब्युलन नावाच्या लहान गावात नेलं, बाजूला शेतं, मध्येच स्टेडियम. कॅरोलायना मडकॅट्स म्हणून टीम, तेव्हा मिलवॉकी ब्रुअर्स या मोठ्या लीगमधल्या टीमच्या हाताखालची सिंगल-ए.

ही पायऱ्यांची भानगड मला तिथंच कळली. मोठ्या लीगमध्ये ३० टीम, आणि २०२१ पासून प्रत्येकीच्या खाली चार-चार, म्हणजे १२० टीम, ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सगळ्यात खाली ही सिंगल-ए, त्याच्याही खाली अजून रूकी लीग आहेच. मडकॅट्समधलं पोरगं म्हणजे आपल्याकडं झोनच्या टीममध्ये नुकतं आलेलं पोरगं समजा. कुणी कॉलेजातून ड्राफ्ट झालेलं, म्हणजे टीमनं निवडून घेतलेलं, कुणी डॉमिनिकन नाहीतर व्हेनेझुएलातून सोळाव्या वर्षी सही करून आलेलं. पगार ऐकून मला आधी मोठा वाटला, त्याच वर्षीच्या नव्या करारात सिंगल-एला वर्षाला किमान २६,२०० डॉलर झाला, आधी ११,००० होता. मग मुलीनं तिच्या घराचं भाडं सांगितलं आणि मी हिशोब सोडून दिला.

आम्ही बसलो होतो बरोबर बॅट्समनच्या मागं, जाळीच्या पलीकडं. पुढच्या रांगेत चार-पाच माणसं, कुणाच्या हातात वेग मोजायची रडार गन, कुणाच्या हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. दोघं तरणी पोरं टीमच्याच टी-शर्टात, ती म्हणे पुढच्या दिवसात टाकणारे पिचरच, म्हणजे तिथले बॉलरच असतात, आपली पाळी नसली की बसून दुसऱ्याचे बॉल लिहायचे. बाकीचे स्काऊट, म्हणजे खेळाडू हेरणारे. त्यातल्या एका म्हाताऱ्याशी जावयांनी बोलणं काढलं, माझे सासरे इंडियात क्रिकेटवाले आहेत वगैरे, आणि त्या माणसानं पुढचे दोन तास मला जे काही दाखवलं ते मी चाळीस वर्षं क्रिकेट खेळून, अंपायरिंग करून बघितलं नव्हतं.

पिचर सहा फूट चार इंच, वय १९. पहिल्या इनिंगला (तिथं एका मॅचला लहान-लहान नऊ इनिंग) बॉल सुटला की सगळ्या गनचे आकडे ९५, ९६. मैल हं, म्हणजे १५३-१५४ किलोमीटर. तिथलं अंतर ६० फूट ६ इंच, बॉल बॅटपर्यंत यायला साधारण ०.४ सेकंद. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. आणि म्हातारा गनकडं बघतच नव्हता! त्याचं लक्ष पिचरच्या डाव्या पायाकडं. पाय कुठं पडतोय. पहिल्या इनिंगला दरवेळी एकाच ठिकाणी, मातीत एकच खळगा पडलेला. चौथ्या इनिंगला गन अजून ९५ दाखवत होती, पण पाय एकदा आत, एकदा बाहेर, मातीत तीन ठिकाणी ओरखडे, आणि दोघा बॅट्समनना फुकटात बेसवर पाठवलं. वेग तसाच होता, माप गेलं होतं.

हे मला लगेच कळलं कारण मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये तीस वर्षं काढलीत. नवीन टर्नर पोरगं पहिला जॉब बरोबर मापात काढून आणून दाखवतं, अगदी खुशीत, मी त्याला म्हणतो ठेव तिथं, पन्नासावा घेऊन ये. टूल गरम झाल्यावर, चहाची सुट्टी जवळ आल्यावर, सुपरवायझर बोलून गेल्यावर काढलेला जॉब मापात आला तर तू टर्नर.

दुसरी गोष्ट म्हणजे चेंजअप. आपला स्लोअर वन म्हणा, हात तोच, जोर तोच, फक्त पकड बदलून बॉल आठ-दहा मैल हळू यायचा. या पोराचा चेंजअप बॉल म्हणून चांगला होता पण टाकताना हात जरासा मंदावायचा. मला पंधरा-वीस बॉलनंतर दिसायला लागलं. म्हाताऱ्यानं बहुतेक वॉर्मअपलाच लिहून ठेवलं होतं.

लिहायची पद्धत तर मला फार आवडली. २० ते ८० चा स्केल, मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू म्हणजे ५०. प्रत्येक बॉलला वेगळा मार्क, कंट्रोलला वेगळा, आणि प्रत्येकाचे दोन आकडे, आज किती आणि पुढं किती होऊ शकेल. म्हणजे ३५/५५ असं. आपण काय करतो, एकतर "भारी हाय" नाहीतर "काय दम नाही", मध्ये काही नाहीच. त्या दुसऱ्या आकड्यासाठीच त्या माणसाला पगार मिळतो, पहिला आकडा काय गनसुद्धा सांगते.

आता इथं कोण ना कोण म्हणणारच की आपली पोरं नेऊन पिचर करायची होती की. झालंय ते. २००८ मध्ये एका अमेरिकन एजंटानं भारतभर टॅलेंट हंट घेतला, त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निघाले, दोघंही उत्तर प्रदेशचे, दोघंही भालाफेकवाले. पिट्सबर्ग पायरेट्सनं त्याच वर्षी सही केली, २००९ ला दोघं रूकी लीगमध्ये खेळले. दिनेश लवकर परत आला, रिंकू सिंगल-ए पर्यंत चढला, पुढं हाताच्या दुखापती, आणि शेवटी कुस्तीच्या शोमध्ये गेला. मला यातला भाला महत्त्वाचा वाटतो. बघणाऱ्यानं बेसबॉल येतो का ते बघितलं नाही, खांदा बघितला.

तर खानापूर. रविवारी सकाळी साडेआठला पोचलो. मॅटिंगला एका कडेला दोन खिळे कमी होते ते मारून घेतले. मी घरातनं चुन्याची पिशवी आणि कामावरचा टेप नेला होता. पॉपिंग क्रीजजवळ, पुढचा पाय पडतो तिथं चुन्याचा पातळ थर दिला आणि प्रत्येक ओव्हरनंतर ठसे मोजून परत सारखा केला. मास्तर बघतच राहिले. बाजूला भजी-चुरमुरे खात बसलेली पोरं हसली, ते चालतंय.

मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घेऊन फ्रेम मोजून वेग काढायचा प्रयत्न पण केला. आकडा इथं लिहीत नाही कारण टप्पा पडल्यावर बॉल मंदावतो, निघते ती सरासरी, आणि मी आकडा लिहिला की लोक फक्त आकडाच वाचतात.

पोरगं सोळाचं. उंची फार नाही, पण मनगट असं की मी हातात हात घेतला तर माझाच पंजा लहान वाटला. पहिलं मी कोपर बघितलं. बेसबॉलमध्ये हात कसाही वाकवा, आपल्याकडं १५ अंशाच्या वर सरळ झाला की फेकी. बाजूनं, मागनं, दोन्हीकडनं व्हिडिओ बघितला. स्वच्छ आहे, निदान माझ्या डोळ्याला.

पहिल्या तीन ओव्हर पाय वीतभर जागेत. चौथ्या ओव्हरला पसरला, टेप लावला तर सव्वा फूट, एक बॉल पायावर, एक थेट कीपरच्या डोक्यावरून. म्हटलं झालं, झेब्युलनच. वहीत कंट्रोलला ३० लिहिलंसुद्धा. आणि पाचव्या ओव्हरला ठसे परत वीतभर जागेत! वेग किंचित कमी, पण सहाच्या सहा बॉल ऑफ स्टंपच्या आसपास. सहाव्याला तसंच. मी मास्तरांना विचारलं तुम्ही काय सांगितलं काय त्याला, ते म्हणाले छे, मी कुठं तोंड उघडलं.

पोराला बोलवून विचारलं, चौथ्यानंतर काय बदललास रे? आधी लाजलं, मास्तरांकडं बघितलं, मग म्हणालं, "दमलो की पाय जरा जवळ टाकतोय सर. भट्टीवर करतो तसं."

खानापूर तालुका म्हणजे भाजलेल्या विटा आणि कौलं, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत. त्याचे वडील वीटभट्टीवर. हा पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीला तिथंच. ट्रक भरताना खालचा माणूस दोन-दोन विटा वर फेकतो, वरचा झेलतो. वीट वेडीवाकडी गेली तर वरच्याचं बोट जातं. त्यामुळं दमलं की पायातलं अंतर कमी करायचं, जोर थोडा सोडायचा, पण वीट त्याच जागी गेली पाहिजे. हे त्याला कुठल्या कोचनं शिकवलेलं नाही. मी ३० खोडलं आणि ४५/६० केलं. वेगाला ५०/६० दिलं होतं, ते तसंच ठेवलं. स्लोअर वन नाहीच, त्याला २०. (हा स्केल माझा घरगुती, धारवाड झोनचं पोरगं म्हणजे ५०. तिकडं महाराष्ट्रात चंदगडात जन्मला असता तर कोल्हापूरच्या पोरांशी मापला असता, इकडं कर्नाटकात जन्मला म्हणून धारवाड. खेळणाऱ्या पोराला त्यानं काही फरक पडत नाही, कागद करणाऱ्या बापाला पडतो.)

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. १९९८ ला मी क्लबचा कॅप्टन होतो, आमच्याकडं असाच एक होता, शहापूरचा. फायनलला एका टोकाकडनं मी त्याला १९ ओव्हर टाकायला लावल्या. तो नको म्हणाला नाही, मी विचारलं नाही. कप आला, पेढे वाटले, पुढच्या सीझनला त्याचा खांदा वर जाईना. आज भेटला की हसून बोलतो, डाव्या हातानं गाडीचं हँडल धरतो. झेब्युलनला त्या १९ वर्षांच्या पोराला पंचाहत्तरच्या आसपास बॉल झाल्यावर काढलं. धावा गेल्या नव्हत्या, मॅच हातात होती, तरी काढलं, आणि कुणी कुरकुर केली नाही. सिंगल-एला आठवड्यातनं एकदा टाकायचं, बॉल मोजून. १९७४ ला टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरावर डॉ. फ्रँक जोब यांनी फाटलेला स्नायुबंध नव्यानं बसवायचं पहिलं ऑपरेशन केलं, तेव्हापासून एवढ्या कोपरांवर सुरी फिरली आहे की हे लोक बॉल मोजतात ते काय उगीच नाही.

म्हणून निघताना मी पोराच्या वडिलांना भेटलो. भट्टीवरच. मास्तरांनी ओळख करून दिली, चहा आला. मी म्हटलं पोरात दम आहे, झोनच्या ट्रायलला मी स्वतः घेऊन जातो, फक्त खांदा जपायला पाहिजे, आठवड्यात इतकेच बॉल, आणि मध्ये दोन दिवस हाताला पूर्ण विश्रांती.

ते ऐकून घेत होते, मान हलवत होते. मग ट्रककडं बोट करून म्हणाले, "सायेब, तुम्ही बॉल मोजतासा ते बरोबर हाय. पण पावसापर्यंत भट्टी चालतीया, ह्या विटा मोजायच्या का नाही त्यात?"

मी वहीत बघितलं. विटांचा रकाना केलाच नव्हता. या रविवारी परत जातोय, आधी भट्टीवर.