रंकाळ्यावर तासभर

आज कामावरून सुटलो ते थेट रंकाळ्यावर. भुरभुर पाऊस, कट्टा ओला, संध्यामठ निम्मा पाण्यात. गाडीवरच बसून मॉडेस्ट माऊस या अमेरिकन रॉक बँडचा 'द मून अँड अंटार्क्टिका' सलग ऐकला. २००० सालचा, एपिक या बड्या रेकॉर्ड कंपनीकडून आलेला त्यांचा पहिला अल्बम. शिकागोत रेकॉर्डिंग चालू असताना गायक आयझॅक ब्रॉकचा जबडा मोडला. काही काळ गाणंच बंद, तरी अल्बम पुरा केला त्यानं!

मोठी कंपनी आली की बँड गुळगुळीत होतो, असं आमच्या ग्रुपात सगळे म्हणतात (मीही म्हणायचो). इथं गिटार तशीच खरखरते, फक्त तिच्याभोवती मोकळी जागा लई वाढलीय. 'थर्ड प्लॅनेट' या गाण्याला अंगावर काटा आला. धाकट्या भावाला लगेच पाठवलंय, रात्री ऐकतो म्हणालाय.