तुम्ही विचारलंत म्हणून: सुखरूप आला, मग त्रास कसला?

"तो तं सुखरूप आला नं मॅडम, मंग त्याले कायचा त्रास?"

यवतमाळ जिल्ह्यात मी ज्या गावांत फिरते, तिथे तैनातीवरून परतलेल्या जवानाबद्दल हा प्रश्न ठरलेला असतो. सरपंच विचारतात, आशाताई विचारतात, कधी जवानाची आईच विचारते. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. लेक धडधाकट घरी आला याचा आनंदच त्यात असतो. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. शेतकरी कुटुंबांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पाच्या निमित्ताने घराघरांत जाणं होतं आणि तिथेच टीएचे जवान भेटतात. दवाखान्यात ते आपणहून क्वचितच येतात.

टीए म्हणजे प्रादेशिक सेना. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिच्यातला माणूस एरवी शेतकरी, दुकानदार किंवा ड्रायव्हर असतो. दरवर्षी ठरावीक प्रशिक्षण असतं आणि देशाला गरज पडली की बोलावणं येतं. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना हे बोलावण्याचे अधिकार दिले आणि टीएच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करायला मान्यता दिली. आमच्याकडे तेव्हा बियाण्याची, खताची जुळवाजुळव चालू होती.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कायम नोकरीतला जवान सीमेवरून उतरतो तो आपल्या युनिटमध्येच. तीच बरॅक, तीच माणसं, डॉक्टर जवळ. रात्री तो दचकून उठला तर शेजारच्या खाटेवरच्याला कळतं आणि सकाळी सुभेदारसाहेबांच्या कानावर जातं. टीएचा जवान सामान जमा करतो, धामणगावला किंवा बडनेऱ्याला रेल्वेतून उतरतो, एसटीने गावी येतो आणि दुसऱ्या दिवशी वावरात असतो. सोबतचे कुणी सोलापूरकडे, कुणी साताऱ्याकडे पांगलेले. त्याने काय पाहिलं हे ज्याला न सांगताही समजेल, असं गावात कुणी नसतं. गाव सत्कार करतं, शाल-श्रीफळ देतं आणि आठ दिवसांनी सोयाबीनच्या भावाकडे वळतं. माझ्या मते त्याचा त्रास इथून सुरू होतो.

इराकहून परतलेल्या ८८,२३५ अमेरिकी सैनिकांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. परतल्याबरोबर विचारलं तेव्हा कायम सैनिक आणि राखीव सैनिक (आपल्या टीएसारखे, गरजेपुरते बोलावलेले) यांच्यात फारसा फरक दिसला नव्हता. काही महिन्यांनी पुन्हा विचारल्यावर कायम सैनिकांपैकी २०.३ टक्क्यांना मानसिक उपचारांची गरज असल्याचं दिसलं, तर राखीव सैनिकांपैकी ४२.४ टक्क्यांना. ते युद्ध वेगळं, तो देश वेगळा. हे आकडे उचलून आपल्या जवानांना लावू नयेत. पण त्रास उशिरा वर येतो, घरी गेल्यानंतर येतो, ही गोष्ट मी आमच्या गावांतही पाहते. ब्रिटनने तर २००६ मध्येच सेवा संपवून घरी गेलेल्या राखीव सैनिकांना लष्कराच्या तज्ज्ञांकडून मानसिक तपासणी मिळावी म्हणून वेगळा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे टीएसाठी असं काही व्हावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

आमच्या भागात हा त्रास ओळखणं आणखी अवघड होतं ते जागलीमुळे. रोही म्हणजे नीलगायी आणि रानडुकरं उभं पीक फस्त करतात, म्हणून माणसं रात्र रात्र वावरात काढतात. परतलेला जवान आपणहून रोज जागलीला जातो. भावाची पाळी असली तरी हाच जातो, शेजाऱ्याच्या वावराचीही राखण करतो. गाव म्हणतं, पोरगं किती कष्टाळू! खरं म्हणजे त्याला घरात झोपच येत नसते. अंधारात टॉर्च घेऊन पहारा देणं तेवढं त्याला जमतं. त्यात डुकरं हाकलायला कुणी सुतळी बॉम्ब फोडला की त्याचे हातपाय थरथरतात, आणि ते पाहायला तिथे कुणी नसतं. एका जवानाची बायको मला म्हणाली होती, "पीक निघालं मॅडम, तरी हे जागलीलेच जाते." पीक निघालेल्या वावराची राखण कशाची? तिच्या त्या एका वाक्याने मला सगळं कळलं.

म्हणून "टेन्शन आहे का?" असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर "नाही" हेच येतं. झोप किती लागते, जेवण जातं का, डोकं जड होतं का, छातीत धडधडतं का, लेकरांवर हात उगारला जातो का, दारू घेण्याचं प्रमाण वाढलं का, हे विचारते. त्याच्या बायकोला वेगळं विचारते. सासू समोर असली की ती बोलत नाही.

जवान तैनातीवर जाण्याआधीचं काम फार साधं आहे आणि तेच कुणी करत नाही. तिकडे असताना आमच्या जवानांना गोळीइतकीच घराचीही काळजी पोखरते. सोसायटीच्या कर्जाचं नवंजुनं कोण करणार, पीकविम्याचा अर्ज कोण भरणार, डवरणीला बैलजोडी कुणाची, सावकाराचा माणूस दारात आला तर बायकोने काय म्हणायचं? बोलावणं आलं की ही यादी नवरा-बायकोने एकत्र बसून करावी आणि बँकेचा व्यवहार तिच्या हाती द्यावा. मी याला मानसिक आरोग्याचंच काम मानते.

फोनबद्दल बायका हमखास विचारतात. वाईट बातमी सांगावी की लपवावी? मी सांगते, लपवू नका. गावातला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोच, आणि मग तुमच्या प्रत्येक "सगळं ठीक आहे"वर त्याला शंका येते. पण बातमीसोबत तुम्ही काय केलं तेही सांगा. बैल आजारी आहे, डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. आणि त्याचा फोन चार दिवस लागला नाही तर टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवा.

जवानाची स्वतःची भीती वेगळीच असते. नाव नोंदलं गेलं तर युनिटला कळेल, पुढचं बोलावणं येणार नाही, पगार जाईल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सैन्यात तंदुरुस्तीची तपासणी होतेच. पण दवाखान्यात तुम्ही जे बोलता ते गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आमच्यावर बंधनकारक केलं आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ कुणाच्या जिवाला धोका असला तर. मी हे पहिल्याच भेटीत सांगते, अपवादासकट. दवाखान्याची पायरी चढायची नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. दिवस असो की रात्र, मराठीतून बोलता येतं, म्हणजे वावरातूनही बोलता येतं. सैन्यदलांसाठी टेलिमानसचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

आशाताईंना माझी एकच विनंती असते. जवान घरी आला ती तारीख वहीत लिहून ठेवा. सत्काराच्या दिवशी त्याला काही विचारू नका. तीन महिन्यांनी एकदा जा, सहा महिन्यांनी पुन्हा जा, आणि झोपेबद्दल विचारा. जागलीला कोण जातं, तेही विचारा.