बाल्कनीत ठेवलेलं पातेलं

डिसेंबर लागला की आमच्या बुडापेस्टच्या इमारतीत जिन्यापर्यंत आंबट कोबीचा वास येतो. यंदा तो माझ्या घरातूनही येतोय.

तोल्तोत कापोस्ता, म्हणजे डुकराच्या खिम्याने भरलेला कोबी. हंगेरीत नाताळाला, नवीन वर्षाला, लग्नात हा हवाच. मला शेजारच्या नेनींनी शिकवला. वडीलधाऱ्या बाईंना इथे नेनी म्हणतात. मी वसईची, तेव्हा डुकराचं मांस मला नवं नाही. पण आमच्या इंदियालला, म्हणजे डुकराच्या मसालेदार रश्श्याला, आंबटपणा व्हिनेगरचा, इथे तो कोबीचाच.

कोबी मात्र साधा चालत नाही. फोवाम तेर या चौकात १८९७ सालचा मोठा बाजार आहे, त्याच्या तळघरात लोणच्यांची दुकानं आहेत. तिथे मिठात आंबवलेले अख्खे गड्डे मिळतात. पानं पिवळसर, मऊ, दुमडली तरी न फाटणारी. सोबत चिरलेला आंबट कोबीही घ्यायचा. विमानतळाजवळचं वेचेश गाव या कोबीसाठी नावाजलेलं.

पानामागची जाड शीर सुरीने तासताना हात आपोआप चालला. अळूवडीची सवय!

अर्धा किलो खिम्याला दोन मुठी कच्चे तांदूळ, परतलेला कांदा, लसूण, मिरी, मीठ बेताने, एक अंडं आणि पाप्रिका, म्हणजे इथली लाल मिरचीपूड. गुंडाळी सैल ठेवायची, कारण तांदूळ आत फुगतो. पानाची टोकं बोटाने आत खोचायची, दोरा लागत नाही.

खरी परीक्षा पाप्रिकेची. पहिल्या वेळी मी फोडणीत तिखट टाकावं तशी ती कडकडीत तेलात टाकली आणि सगळं कडू झालं. पाप्रिकेतली साखर क्षणात जळते. नेनींनी पातेलं घासून पुन्हा चुलीवर ठेवलं, डुकराची चरबी वितळवली, कांदा परतला, मग पातेलं खाली उतरवून पाप्रिका घातली आणि लगेच पाणी ओतलं. तो लाल रंग मी अजून विसरले नाही. सेगेद आणि कालोचा ही पाप्रिकेची गावं. चांगल्या गोड पाप्रिकेत तिखटपणा नसतोच, तरी सुगंध घरभर होतो.

पुढे तळाला चिरलेला कोबी, वर गुंडाळ्या, धुरावलेल्या मांसाचे तुकडे, पुन्हा कोबी, बुडेल इतकं पाणी. मंद आचेवर दोन-अडीच तास. डाव घालायचा नाही, पातेलंच हलकं हलवायचं. वाढताना वर तेयफोल, म्हणजे आंबट साय, सढळ हाताने.

पण आज खायचं नाही, असं नेनींनी बजावलंय. हंगेरियन लोक म्हणतात, पुन्हा गरम करून चांगला लागतो तो फक्त भरलेला कोबी. तुटलेलं प्रेम पुन्हा जुळवू पाहणाऱ्यांनाही हेच सुनावतात.

बाहेर शून्याच्या खाली गेलंय. झाकण घट्ट लावून पातेलं बाल्कनीत ठेवलंय. उद्या दुपारी नेनी जेवायला येणार आहेत.