चित्रकार समोर बसलेला असताना

शनिवार, रात्री

फोर्टातलं काम तीनलाच आटोपलं, म्हणून जहांगीर आर्ट गॅलरीत डोकावले. तिथे जायला कारण लागत नाही, हे त्या जागेचं मोठेपण. तिकीट नाही, कुणाकडून आलात असं कुणी विचारत नाही. बाहेर ऊन मी म्हणत असताना नुसत्या गारव्यासाठी आत आलेली माणसंही असतात, त्यांनाही कुणी हटकत नाही. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आग्रह धरला, सर कावसजी जहांगीर यांनी पैसे दिले आणि १९५२ मध्ये ही गॅलरी उभी राहिली. तेव्हा मुंबईतल्या चित्रकारांना हक्काची भिंत नव्हती. आता भिंत आहे, पण तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

एवढं थांबून मिळतो एक आठवडा. मंगळवारी चित्रं लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. आणि तो आठवडाभर चित्रकार स्वतः तिथे बसून असतो.

माझी अडचण नेमकी इथेच होते.

आजचे गृहस्थ पन्नाशीचे असावेत, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेले. दाराजवळच्या टेबलावर कॅटलॉगचा गठ्ठा, अभिप्रायाची वही, दोरीने बांधलेलं पेन, पाण्याची बाटली. मी आत शिरले तशी त्यांनी मान वर केली आणि लगेच मोबाइलमध्ये घातली. आपण बघतोय हे दिसू नये म्हणून. मीही पहिल्या चित्रासमोर गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. आवडलं होतं म्हणून नाही. तिथून चटकन हलले तर त्यांना काय वाटेल, म्हणून. दुसऱ्यासमोर तेच. जेवायला बोलावलेल्या घरी भाजी आवडली नाही तरी पानात टाकवत नाही, तसलाच प्रकार. तिसऱ्या-चौथ्या चित्रापर्यंत मी चित्रं बघतच नव्हते, माझ्या बघण्याकडे बघत होते.

भिंतीवर मनोगत होतं, इंग्रजीत. अवकाश, स्मृती आणि अस्तित्व हे तीन शब्द ज्यात नाहीत असं चित्रकाराचं मनोगत मला अजून दिसायचंय. कोण लिहून देतं हे त्यांना? त्याच माणसाशी पाच मिनिटं बोललं की तो जुन्या वाड्याच्या भिंतींबद्दल, पोपडे धरलेल्या चुन्याबद्दल, पावसाळ्यात त्यावर उमटणाऱ्या ओलीच्या डागांबद्दल इतकं नेमकं सांगतो! आज तसंच झालं. एका मोठ्या करड्या कॅनव्हासच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची कोरी पट्टी होती, आणि तिच्यात वरून गेरूचा रंग दोन-तीन ठिकाणी झिरपला होता. तिथे मी खरोखरच थांबले. मागून आवाज आला, ‘‘ताई, तिथे चिकटपट्टी लावली होती. काढली तेव्हा दिसलं, खालून रंग शिरलाय. दोन दिवस पुसू की नको करत होतो.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग ठेवला. बाकीचं मी काढलंय. तेवढं आपलं आपण आलंय.’’

मनोगताच्या जागी हे वाक्य लावलं असतं तर काय बिघडलं असतं?

किंमत विचारायचं धाडस झालं नाही, यादी मात्र गुपचूप चाळली. माझ्या दोन-अडीच पगारांचं काम होतं. एका छोट्या चित्राखाली विकल्याची लाल टिकली लागलेली. बघणारा हा घेणारा नसतो हे चित्रकाराला पाठ असतं, तरी दर वेळी मान वर होतेच. सोमवारी रात्री टेम्पो सांगितलाय, म्हणाले. चित्रं आणायला जेवढं भाडं पडलं तेवढंच न्यायला. आवाजात तक्रार अजिबात नव्हती.

अभिप्रायाची वही मी आधी वाचते, मग लिहिते. ‘अप्रतिम’, ‘खूपच छान’, ‘कीप इट अप’. एका पोराने नुसती मांजर काढली होती. मी लिहिलं, ‘करड्या चित्राची खालची पट्टी आवडली.’ सही केली आणि ते वाचायच्या आत बाहेर पडले.

बाहेर फुटपाथवर सगळं उलटं. तिथले चित्रकार कठड्याला चित्रं टेकवून बसतात आणि आधी तेच तुम्हाला निरखतात. स्केच काढून घेणार का, किती वेळ लागेल, किती पडतील, जरा कमी करा. सगळं तोंडावर, कुणाला संकोच नाही. एक नवी नवरी समोर बसली होती आणि नवरा चित्रकाराच्या खांद्यावरून वाकून ‘नाक जरा मोठं झालंय’ म्हणत होता. खडूचा हात थांबला नाही. जहांगीरमधलं समोवार कॅफे होतं तेव्हा अशा वेळी चहा घेत बसता यायचं. १९६४ ते २०१५, पन्नास वर्षं चाललं आणि बंद झालं. त्यावर उसासे टाकणाऱ्यांची कमी नाही, तेव्हा मी नको.

तासभर हातात होता म्हणून रस्ता ओलांडून एनजीएमएत, म्हणजे सरकारच्या आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. बाहेरून वास्तुविशारद जॉर्ज विटेटची १९११ ची दगडी इमारत, कावसजी जहांगीर हॉल. इथे एके काळी सभा व्हायच्या, मैफली व्हायच्या. पुढे पडत्या काळात लग्नाच्या पार्ट्या, मुष्टियुद्धाचे सामने आणि चामड्याच्या वस्तूंचे सेलसुद्धा झाले. १९९६ पासून चित्रं. आतला हॉल पोखरून एकावर एक अर्धगोल मजले बसवलेत, त्यामुळे बघत बघत आपण चढतच जातो आणि शेवटी घुमटाखाली पोचतो. इथे चित्रकार नसतो. बहुतेक जण तर हयातही नसतात. हवं तितकं थांबा, हवं तसं तोंड वाकडं करा.

२०१९ मध्ये इथेच चित्रकार प्रभाकर बरव्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन पाहिलं होतं. घड्याळ, पान, पिन, लिफाफा. रोजच्या हाताखालच्या वस्तू, पण एकमेकींपासून सुट्या होऊन रिकाम्या जागेत तरंगणाऱ्या, आणि रंग दाराखिडक्यांना लावतात तो एनॅमल. पण माझा जास्त वेळ गेला त्यांच्या डायऱ्यांपाशी. छोटी रेखाटनं, बाजूला मराठीतली टिपणं. बरवे जाऊन तेव्हा तेवीस वर्षं झाली होती, आणि तरी मला वाटत राहिलं की जहांगीरच्या खुर्चीतला माणूस इथेही कुठेतरी बसलाय. फक्त हा माझं तोंड बघत नव्हता.

आज मनात नसताना तेच शोधत होते. एका भल्यामोठ्या अमूर्त चित्रात निळ्याच्या मधोमध पिवळ्याचा एक फराटा होता, मुद्दाम ओढलेला की हात घसरलेला, कळेना. ‘ठेवला’ म्हणणारं कुणी जवळ नव्हतं. नाक लावून बघायला पुढे वाकले तर रखवालदाराने स्टुलावरूनच हटकलं, ‘‘मॅडम, पट्टीच्या मागे.’’ त्यालाच विचारलं, हे मुद्दाम असेल का हो? तो उठून आला, माझ्याच शेजारी पट्टीमागे उभा राहिला आणि बराच वेळ बघून म्हणाला, ‘‘मला विचाराल तर चुकलंय.’’