आमची वाटचाल : मागच्या दाराचे कुलूप

१९८२ च्या संपानंतर लालबागच्या गिरणीतली माझ्या वडिलांची नोकरी गेली आणि आईच्या शिलाई मशीनवर आमचे घर चालू लागले. तिच्याच हाताखाली शिकून मी १९९६ मध्ये साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावरचा गाळा भाड्याने घेतला आणि चार मशीन व एक कटिंग मास्टर एवढ्या बळावर शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली. पुढे गणवेशांवरून शर्टांवर आलो आणि कारागीर चाराचे तीस झाले. ही वाढ आमच्यासारख्या अनेकांची झाली आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते गाळ्याच्या मागच्या दाराविषयी.

२००३ मध्ये तयार शर्टांचे एक गाठोडे नाहीसे झाले. महिन्याचा नफा त्यात गेला. तेव्हापासून मागच्या जिन्याकडे उघडणाऱ्या दाराला मी कुलूप लावले आणि सुटीच्या वेळी सर्वांनी पुढच्या दाराने, पिशव्या दाखवून बाहेर पडावे असा नियम केला. सुमारे दहा वर्षे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही, मलाही नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीच्या कपड्याच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्याजवळच्या कारखान्यात शंभराहून अधिक. दोन्ही ठिकाणी बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. त्यानंतर आमच्या एका खरेदीदाराने गाळा पाहायला एक वयस्कर तपासनीस पाठवले. त्यांनी मागचे दार उघडायला सांगितले तेव्हा किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि मी कापड घ्यायला मंगलदास मार्केटमध्ये. मी पोहोचेपर्यंत सव्वा तास गेला. तोवर ते त्या दारापाशी खुर्ची टाकून बसून होते. रागावले नाहीत. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याचे नाव मी ऐकले आहे का, एवढेच त्यांनी विचारले.

मी ऐकले नव्हते. २५ मार्च १९११, शनिवार, काम सुटायची वेळ. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर बायकांची पोलकी शिवणारा तो कारखाना होता. आठव्या मजल्यावर कटिंगच्या टेबलाखाली साठलेल्या कात्रणांना आग लागली. दहाव्या मजल्यावर फोनने खबर गेली आणि तिथले बहुतेक लोक, मालकांसह, गच्चीवरून सुटले. मधल्या नवव्या मजल्यावर मात्र ज्वाळा दिसेपर्यंत कोणाला काही कळले नाही. तिथले एक दार कुलूपबंद होते, कारण कामगारांनी चोरी करू नये म्हणून सर्वांना एकाच दाराने, पिशव्या तपासून सोडले जाई. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला, बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. १४६ जण मेले. त्यांत बहुसंख्य परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या.

मालकांवर खटला चालला आणि ते सुटले, कारण त्या वेळी दाराला कुलूप होते हे त्यांना माहीत होते, असे सिद्ध होऊ शकले नाही. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या बाबतीत सिद्ध करण्यासारखे काही उरलेच नसते. किल्ली माझ्याजवळ होती. १९१३ मध्ये त्यांच्यातल्या एका मालकाकडे पुन्हा कुलूपबंद दार सापडले आणि दंड झाला २० डॉलरचा. तरीही ते मृत्यू अगदीच वाया गेले नाहीत. ती आग रस्त्यावरून प्रत्यक्ष पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी कारखान्यांची पाहणी करणाऱ्या सरकारी आयोगाबरोबर काम केले, आणि कामाच्या वेळी दारे उघडी ठेवणे, आगीचा सराव घेणे, उंच इमारतींत पाण्याचे फवारे बसवणे अशा गोष्टी तिथे कायद्याने सक्तीच्या झाल्या. पुढे १९३३ मध्ये पर्किन्स अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या.

मी कुलूप काढले आणि आत उघडणारे ते दार बाहेर उघडेल असे बसवून घेतले, कारण घाबरलेल्या माणसांचा लोंढा मागून रेटत असेल तर आत ओढायचे दार उघडतच नाही. मालाचा हिशेब कटिंगच्या वेळीच बंडलवार वहीत मांडू लागलो. पिशव्या तपासणे बंद केले. कात्रणे रोज संध्याकाळी खाली जातात. यात माझा एक कारकून वाढला आणि दोन मशीनची जागा गेली.

पोटमाळ्याचा प्रश्न मात्र मी टाळत राहिले. उत्तर प्रदेशातून आलेले सहा कारागीर तिथेच झोपत, खाली स्टोव्हवर स्वयंपाक करत. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे आमच्याच खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागली आणि तिथेच झोपलेले १२ कामगार गेले. त्या आठवड्यात मी खोली भाड्याने घेतली. कारागिरांनाच ते पटत नव्हते. भाडे पगारातून कापले जाईल अशी त्यांना भीती होती. ते कापले जाणार नाही, हे मी मास्टरांसमोर लिहून दिले, तेव्हा ते हलले.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून उपकरणांचा दाखला घेऊन आम्ही तो सादर करतो. पण दाखला माणसाला जिना उतरवत नाही, म्हणून दर महिन्याला सरावही घेतो. पहिल्या सरावाला चार मिनिटे लागली, कारण ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायच्या) मशीनवरच्या दोघी डबा आणि मोबाइल घ्यायला मागे फिरल्या होत्या. आता दीड मिनिटात गाळा रिकामा होतो आणि खाली हजेरी घेतली जाते.

मागचा जिना चार गाळ्यांचा सामाईक आहे आणि त्याच्या वळणावर शेजारच्यांची पुठ्ठ्याची खोकी अजून असतात. वसाहतीच्या प्रत्येक सभेत मी तो विषय मांडते. गेल्या महिन्यात निम्मी खोकी हलली. उरलेल्यांसाठी पुढची सभा रविवारी आहे.